मोडेम (घरगुती इंटरनेट सेवेसाठी)

मोडेम : संगणकातील अंकीय संकेत (० व १ या दोनच अंकांच्या रूपातील संकेत) तार, केबल, प्रकाशीय तंतू किंवा आकाश यांसारख्या वहनमार्गाने दूरवर जाऊ शकतील अशा तरंगरूपात बदलणारे आणि त्या मार्गाने आलेल्या तरंगांतून मूळचे अंकीय संकेत पुन्हा वेगळे काढणारे उपकरण. पहिल्या क्रियेस विरूपण म्हणतात; दुसरी क्रिया तिच्या नेमकी उलट असते. मॉड्युलेटर व डीमॉड्युलेटर या दोन इंग्रजी शब्दांचे आरंभीचे भाग जोडून मोडेम हे नाव तयार झाले. मोडेमची जोडणी घरातील अनेक उपकरणांना वाटून देणारे साधन म्हणजे राउटर. आजच्या घरगुती उपकरणात ही दोन्ही साधने बहुधा एकाच पेटीत असतात व व्यवहारात तिला मोडेम, राउटर किंवा नुसतेच वायफाय म्हटले जाते. निवडीतील पुष्कळसा घोटाळा या नावांच्या सरमिसळीतून होतो. राउटर कोणत्याही सेवेवर चालू शकतो. मोडेम मात्र घरापर्यंत जी तार आली असेल तिच्याच जातीचा असावा लागतो.

मुंबईच्या उपनगरांत ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे एकाच रस्त्यावरील तीन इमारतींत तीन प्रकारचे वहनमार्ग आढळू शकतात. जुन्या गृहनिर्माण संस्थेत दूरध्वनीची तांब्याची जोडतार, शेजारच्या चाळीत गच्चीवरून ओढलेली केबलचालकाची तार आणि पुनर्विकासाने उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत प्रकाशीय तंतू, असा प्रकार असतो. त्यामुळे ओळखीच्या घरी उत्तम चालणारा मोडेम आपल्याकडे चालेलच असे नाही, मग दोन्ही घरे हाकेच्या अंतरावर का असेनात. निवडीचा आरंभ दुकानातून न होता भिंतीतून बाहेर येणाऱ्या तारेपासून व्हावा लागतो.

दूरध्वनी तारेवरील मोडेम : दूरध्वनी यंत्रणा मानवी आवाजासाठी उभारलेली असून तीतून सु. ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंप्रतांचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांचे) तरंग पलीकडे जातात. पहिल्या मोडेमांनी या अरुंद पट्ट्यात बसणारे सूर वापरून अंक पाठविले. अमेरिकेत १९६२ मध्ये पुढे आलेल्या बेल १०३ या मोडेमचा वेग सेकंदास ३०० बिट होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ‘व्ही’ मालिकेतील मानकांनी हा वेग टप्प्याटप्प्याने वाढविला : १९८४ मध्ये ९,६००, १९९४ मध्ये २८,८०० व १९९८ मध्ये ५६,००० बिट. यापुढे या पट्ट्यात वाव उरला नाही. पट्ट्याची रुंदी व तारेवरील गोंगाट यांवरून कमाल वेग ठरतो, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच दाखवून दिले होते.

मुंबईतील दूरध्वनी सेवा १ एप्रिल १९८६ पासून महानगर टेलिफोन निगमकडे आली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह देशातील मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ती याच दूरध्वनी तारांवरून, क्रमांक फिरवून मिळत असे. खाजगी सेवादात्यांना १९९८ च्या अखेरीस परवानगी मिळाली. त्या काळी सुसंगतीचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. दोन्ही टोकांचे मोडेम जोडणीच्या आरंभी कर्कश सुरांची देवाणघेवाण करीत, एकमेकांची क्षमता अजमावीत व दोघांना झेपेल असा वेग ठरवून घेत. मोडेम ग्राहकाच्या मालकीचा असे आणि सेवादाता बदलला तरी तोच चालत असे. अडचणी होत्या त्या वेगळ्या : जोडणी चालू असेपर्यंत दूरध्वनी अडकून पडे, कॉलचे शुल्क वेगळे चढे, आणि संगणकाच्या आत बसणारे काही स्वस्त मोडेम आपले बरेचसे काम विंडोज प्रणालीवर सोपवीत असल्याने ते अन्य प्रणालींवर निकामी ठरत. ग्राहकाचे तेव्हाचे स्वातंत्र्य पुढील कोणत्याही तंत्रात त्याला तितक्या सहजतेने मिळालेले नाही.

केंद्र शासनाच्या २००४ मधील ब्रॉडबँड धोरणाने सेकंदास किमान २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड ठरविले (ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली). महानगर टेलिफोन निगमची ‘ट्रायबँड’ ही सेवा २००५ मध्ये आली. तिचे एडीएसएल हे तंत्र तीच तांब्याची जोडतार वापरते. परंतु आवाजाच्या वरच्या, सु. १.१ मेगॅहर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रता कामी लावते. एडीएसएल-२ प्लस या सुधारित मानकात (२००३) ही मर्यादा २.२ मेगॅहर्ट्‌झपर्यंत जाते व उतरता (ग्राहकाकडे येणारा) वेग २४ मेगाबिटपर्यंत मिळू शकतो. दूरध्वनी व मोडेम एकाच वेळी चालावेत म्हणून भिंतीवरील खोबणीपाशी विभाजक बसवावा लागतो. तो न बसविता दूरध्वनी थेट जोडल्यास संभाषणात खरखर येते व जोडणी वारंवार तुटते. हा दोष मोडेमचा समजून अनेकांनी चांगले मोडेम बदलले असतील.

या तंत्रात उच्च कंप्रतांचे क्षीणन अंतरागणिक झपाट्याने होते. केंद्रापासून (एक्स्चेंजपासून) दीड किमी.पलीकडे २४ मेगाबिटांचा वेग कागदावरच राहतो आणि पाच किमी.च्या आसपास सेवाच डळमळीत होते. अंतर हवाई नसून तारेच्या प्रत्यक्ष मार्गाचे धरावे लागते. तारेची प्रत हा आणखी एक घटक होय. पावसाळ्यात जमिनीखालील सांध्यांत पाणी शिरले की तारांचे निरोधन घटते व गोंगाट वाढतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तेव्हा उपनगरांतील दूरध्वनी मोठ्या प्रमाणावर बंद पडले होते. अशा तारेवर अधिक महाग मोडेमने वेग वाढत नाही. मोडेमच्या पृष्ठावर दिसणारा संकेत-गोंगाट फरक ६ डेसिबेलांच्या खाली असल्यास दोष तारेत शोधणे इष्ट.

एडीएसएल मोडेममध्ये तारेवरील आभासी मार्ग दर्शविणारे व्हीपीआय व व्हीसीआय हे दोन आकडे सेवादात्याने सांगितल्याप्रमाणे भरावे लागतात. भारत संचार निगमच्या सेवेसाठी ते ० व ३५ असे आहेत. एक आकडा चुकला, तरी तारेचा दिवा स्थिर राहतो आणि इंटरनेट मात्र मिळत नाही. व्हीडीएसएल हे नंतरचे तंत्र ३० मेगॅहर्ट्‌झपर्यंत जाते, पण त्याचा लाभ सु. एक किमी.च्या आतच होतो. शिवाय त्यासाठी मोडेम आणि केंद्रातील यंत्र ही दोन्ही त्या मानकाची असावी लागतात. महानगर टेलिफोनच्या सेवेचे चालन २०२५ च्या आरंभापासून भारत संचार निगमकडे आले आहे. इमारतीचा पुनर्विकास झाला की तांब्याची तार बहुधा परत येत नाही. म्हणून नवा एडीएसएल मोडेम विकत घेण्यापूर्वी ती तार त्या पत्त्यावर आणखी किती काळ राहील, याची चौकशी आधी करावी.

केबलचालकाची तार : १९९० नंतर दूरचित्रवाणीच्या केबलींचे जाळे उपनगरांत गल्लोगल्ली पसरले. या जाळ्यावरून इंटरनेट देण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. बाहेरून त्या सारख्या भासतात, पण मोडेमच्या दृष्टीने त्या पूर्णपणे वेगळ्या आहेत.

पहिल्या रीतीत दूरचित्रवाणीचीच समाक्ष केबल (मध्ये एक तार व तिच्याभोवती जाळीचे आवरण असलेली केबल) वापरतात. तिच्यासाठी डॉक्सिस या मानकाचा केबल मोडेम लागतो. हे मानक १९९७ मध्ये आले. २००६ मधील त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत अनेक वाहिन्या एकत्र बांधून वेग वाढविण्याची सोय झाली. मोडेमवर ‘८ × ४’ असे लिहिलेले असल्यास तो आठ उतरत्या व चार चढत्या वाहिन्या एकाच वेळी वापरू शकतो, असा अर्थ होतो. नवा मोडेम जुन्या आवृत्तीच्या जाळ्यावर चालतो. जुना मोडेम नव्या जाळ्यावर चालला, तरी त्याला त्याच्या आवृत्तीपुरताच वेग मिळतो. मात्र केवळ मानक जुळणे पुरेसे नाही. प्रत्येक केबल मोडेमला कारखान्यात दिलेला एक मॅक पत्ता असतो व तो सेवादात्याच्या नोंदीत असल्याखेरीज त्याला कार्यसूची पाठविली जात नाही. बाजारातून आणलेला निर्दोष मोडेम केवळ नोंदीअभावी निरुपयोगी ठरण्याचा प्रकार येथून सुरू झाला.

दुसऱ्या रीतीत समाक्ष केबलीशी संबंधच नसतो. केबलचालक गच्चीवर किंवा जिन्यात एक स्विच बसवितो व तेथून आठ तारांची इथरनेट केबल घरात आणतो. येथे अंकीय संकेत अंकीय रूपातच येतात. मोडेम लागतच नाही. डब्ल्यूएएन खोबण असलेला राउटर घ्यावा व सेवादात्याने दिलेले नाव आणि परवलीचा शब्द पीपीपीओई या प्रकारात भरावेत, की काम झाले. उपनगरांत दीर्घकाळ सर्वांत अधिक फसगत झाली ती या ठिकाणी. ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) या इलेक्ट्रॉनीय वस्तूंच्या बाजारात एडीएसएल मोडेम-राउटर आणि साधा राउटर ही एकाच उत्पादकाची, एकाच घाटाची, जवळजवळ एकाच किमतीची उपकरणे शेजारी मांडलेली असत. फरक मागील बाजूस असतो. एडीएसएलची खोबण अरुंद, दूरध्वनीच्या आरजे-११ जातीची असते. डब्ल्यूएएन खोबण रुंद, आठ स्पर्शकांची म्हणजे आरजे-४५ जातीची असते. समाक्ष केबलीसाठी आटे असलेला धातूचा खुंट आणि प्रकाशीय तंतूसाठी लहान चौकोनी खोबण असते. खरेदीस निघण्यापूर्वी तारेचे टोक नीट पाहिले, तर विक्रेत्याच्या सल्ल्याची गरज बरीच कमी होते.

प्रकाशीय तंतू : घरापर्यंत तंतू आणण्याच्या सेवांचा उपनगरांतील विस्तार २०१० नंतरच्या दशकात झाला व सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबरच्या व्यापारी प्रारंभानंतर त्यास विशेष वेग आला. तंतूच्या टोकाशी असणारे उपकरण काटेकोर अर्थाने प्रकाशीय अग्रयंत्र (ओएनटी) होय, पण बोलण्यात मोडेम हेच नाव टिकून आहे. सेवादात्याच्या केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत विभाजकाने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. विभाजकाला विजेची गरज नसते, म्हणून या रचनेस निष्क्रिय प्रकाशीय जाळे म्हणतात. केंद्राकडून येणारा प्रकाश सर्व घरांत सारखाच पोहोचतो, आणि प्रत्येक घराचे यंत्र त्यातून आपल्यापुरते संकेत उचलते. उलट दिशेने मात्र प्रत्येक यंत्राला नेमून दिलेल्या क्षणीच बोलावे लागते; नोंद नसलेले यंत्र अवेळी प्रकाश टाकू लागल्यास त्या विभाजकावरील सर्व घरांची सेवा बिघडते. सेवादाते आपलेच यंत्र वापरण्याचा जो आग्रह धरतात, त्यामागे व्यापारी हेतू असला तरी हे तांत्रिक कारणही खरे आहे.

या जाळ्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. जीपॉन प्रकारात उतरता वेग २.४८८ गिगाबिट व चढता १.२४४ गिगाबिट असतो. ईपॉन प्रकारात दोन्ही दिशांचा वेग १.२५ गिगाबिट असतो. तरंगलांब्या (उतरता प्रकाश १,४९० व चढता १,३१० नॅनोमीटर) दोन्हींत सारख्याच असल्या तरी संकेतांची बांधणी वेगळी असल्याने एकाचे यंत्र दुसऱ्यावर चालत नाही. लहान सेवादात्यांकडे ईपॉन, तर मोठ्या कंपन्यांकडे जीपॉन असणे संभवनीय असते, परंतु अंदाजावर विसंबू नये. बाजारात ‘एक्सपॉन’ नावाने मिळणारी यंत्रे दोन्ही प्रकार ओळखतात. दहा गिगाबिटांचे एक्सजीएस-पॉन हे मानक (२०१६) निराळ्या तरंगलांब्यांवर चालते व त्यास वेगळेच यंत्र लागते.

प्रकार जुळल्यावर पुढचा अडसर नोंदणीचा. जीपॉन यंत्राचा अनुक्रमांक उत्पादकाची चार अक्षरे व पुढील आठ चिन्हे असा असतो. तो केंद्रातील यंत्रात भरल्याखेरीज यंत्र स्वीकारले जात नाही. कित्येकदा यासोबत एक परवलीचा शब्द व सेवेचा व्हीलॅन क्रमांकही लागतो. त्याच तंतूवरून दूरध्वनी किंवा दूरचित्रवाणी मिळत असल्यास त्यांची जुळणी सेवादात्याने आपल्या यंत्रात दुरून केलेली असते, आणि परक्या यंत्रात ती बहुधा करता येत नाही. म्हणून तंतूच्या बाबतीत सर्वांत व्यवहार्य मार्ग असा की, सेवादात्याचे अग्रयंत्र तसेच ठेवून त्यास सेतू अवस्थेत (ब्रिज मोडमध्ये) टाकण्याची विनंती करावी आणि त्यामागे आपल्या पसंतीचा राउटर जोडावा. सेतू अवस्था न करता दुसरा राउटर जोडल्यास पत्त्यांचे रूपांतर दोनदा होते. सामान्य वापरास ते जाणवत नाही, पण घरातील कॅमेरा बाहेरून पाहणे किंवा काही खेळ यांत अडथळा येतो.

तंतूची जोडणी हाताळताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हिरव्या टोकाच्या जोडणीतील काच आठ अंशांनी तिरकी घासलेली असते व निळ्या टोकाची सपाट असते. हिरवे टोक निळ्या खोबणीत बसते खरे, पण काचांमध्ये फट राहून प्रकाश वाया जातो. यंत्रावर पोहोचणाऱ्या प्रकाशाची शक्ती सामान्यतः उणे ८ ते उणे २७ डीबीएम यांच्या दरम्यान असावी लागते. उणे २७ च्या पलीकडे जोडणी तुटते, आणि कारण पुष्कळदा दाराच्या फटीत दुमडलेला तंतू हे असते. तंतूच्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये; हा प्रकाश अदृश्य असतो.

बिनतारी जोडणी : जेथे तंतू ओढण्यास जागा नाही किंवा गृहनिर्माण संस्थेची परवानगी मिळत नाही, तेथे पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनी जाळ्यावरून घरगुती सेवा दिली जाते. एअरटेलने अशी सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली व मुंबई येथे सुरू केली. जिओची सप्टेंबर २०२३ मध्ये आली. येथील मोडेम सिमकार्डाने सेवादात्याशी बांधलेला असून निवडीस वाव जवळजवळ नसतो.

घरातील भाग : मोडेम जुळला तरी वेग घरातल्या घरात हरवू शकतो. अनेक स्वस्त राउटरांच्या इथरनेट खोबणी १०० मेगाबिटांच्या असतात व त्यांतून प्रत्यक्षात सु. ९४ मेगाबिट मिळतात; २०० मेगाबिटांची सेवा घेऊन असा राउटर लावणाऱ्यास निम्म्याहून अधिक वेगाचे पैसे व्यर्थ भरावे लागतात. वायफायसाठी २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्टा भारतात २००५ मध्ये व ५ गिगॅहर्ट्‌झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. पहिल्या पट्ट्याचे तरंग भिंती अधिक भेदतात, परंतु त्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत. दाट वस्तीच्या इमारतीत एका खोलीतून वीस-पंचवीस शेजाऱ्यांचे संकेत दिसत असताना त्या अपुऱ्या पडतात. अशा ठिकाणी दोन्ही पट्ट्यांचा राउटर आवश्यकच समजावा. दोन खोल्यांच्या घरास मध्यभागी उंचावर ठेवलेला एक राउटर पुरतो. अँटेनांची संख्या पाहून अधिक किंमत देण्याचे कारण नाही.

मालकी व निवडीचा हक्क : अमेरिकेत १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने जाळ्यास अपाय न करणारे कोणाचेही उपकरण दूरध्वनी तारेस जोडण्याची मुभा मिळाली, त्यापूर्वी मोडेम थेट तारेस न जोडता दूरध्वनीचा हातभाग त्याच्या रबरी खाचांत ठेवावा लागे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाने आपल्या पसंतीचे अंतिम उपकरण वापरण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला, आणि जर्मनीत ऑगस्ट २०१६ पासून सेवादात्याचाच राउटर वापरण्याची सक्ती कायद्याने संपली. भारतात ग्राहकाची निवड व्यवहारात सेवादात्याच्या अटींवर अवलंबून राहते. उपकरण सुरक्षित व मानकांनुसार असावे यासाठी दूरसंचार विभागाने मोडेमची अनिवार्य चाचणी व प्रमाणन ऑक्टोबर २०१९ पासून लागू केले, परंतु प्रमाणित उपकरण आपल्या जाळ्यावर घेण्याचे बंधन त्यातून सेवादात्यावर येत नाही. यामुळे ‘मोफत मोडेम’ या शब्दांचा अर्थ करार करतानाच विचारून घ्यावा : उपकरण ग्राहकाचे होते की केवळ वापरास मिळते, अनामत किती, ती केव्हा परत मिळते, बिघाड झाल्यास भरपाई कोणी करावयाची, आणि सेवा सोडताना ते परत न दिल्यास किती आकारणी होते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी ही चौकशी विशेष करावी, कारण घर बदलले की वहनमार्गही बदलण्याचा संभव असतो. ज्या इमारतीत एकाच चालकाला प्रवेश आहे, तेथे त्याने निवडलेला मोडेम हाच पर्याय उरतो. हा प्रश्न दुकानात न सुटता संस्थेच्या सभेत सुटण्याजोगा आहे.

वापरलेले उपकरण घेताना ते कोणत्या सेवादात्याच्या नावाने बांधलेले आहे ते पाहावे. सेवादात्याच्या चिन्हाचे मोडेम जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, पण त्यांतील कार्यसूची त्या सेवेपुरतीच कुलूपबंद असते व काही वेळा ते मुळात परत करावयाचे राहून गेलेले असतात. विद्युत् पुरवठ्याचा अडाप्टर बदलताना व्होल्टता व टोकांची धन-ऋण बाजू जुळलीच पाहिजे. अँपिअरचा आकडा मूळच्याहून अधिक असल्यास हरकत नाही. तांब्याच्या तारेवरून विजेचा झटका मोडेमपर्यंत येऊ शकतो, म्हणून गडगडाटात ती तार काढून ठेवणे योग्य. तंतूस हा धोका नाही, मात्र त्याच्या यंत्राची वीजजोडणी त्यातून सुटत नाही. निकामी झालेला स्वतःचा मोडेम ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा, आणि तो दुसऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी मागील बारीक छिद्रातील कळ दहा-पंधरा सेकंद दाबून त्यातील सेवेचे नाव व परवलीचे शब्द पुसून टाकावेत.